दुसरं बोलावणं

माझ्या बायकोच्या उजव्या हाताचा चिमटा एके काळी आमच्या दिघाशी गावात प्रसिद्ध होता. तो माझ्याशिवाय कोणाला बसत नसे, पण मी असा ओरडायचो की सगळ्या आळीला कळायचं. मला गोष्ट सांगताना थोडी फुगवायची सवय आहे. विहिरीतून निघालेला साप हातभर असला तर माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत वावभर व्हायचा. अशा वेळी बायको पाहुण्यांसमोर माझ्या शेजारी येऊन बसायची. चेहरा अगदी देवळातल्यासारखा शांत. पदराखालून दोन बोटं निघायची आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते तिथे, अचूक बसायची. साप लगेच हातभर व्हायचा.

मग काही वर्षांपूर्वी चिमटे कमी झाले. मला वाटलं, वय झालं, बाई निवळली. माझ्या गोष्टी बेफाम सुटल्या. एका दुपारी तर मी राहनाळला मी कामाला असलेल्या गोदामात शिरलेल्या बिबळ्याला मालाच्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर नेऊन सोडलं, तरी दंडाला काही झालं नाही. शेवटी मीच घाबरून वळून बघितलं. ती आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत बसली होती.

त्या दिवसापासून मला दिसायला लागलं. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नव्हती. दुधाच्या पिशवीचा कोपरा ती दाताने फोडत होती. आणि आमच्याकडे जी गोष्ट बायका शेजारणीलाही सांगत नाहीत ती झाली होती: तांदळाची भाकरी थापायचं सोडून ती लाटायला लागली होती. मी रोज खात होतो आणि मला कळलं नव्हतं. तिनेच सांगितलं, आणि सांगताना दाराकडे बघून घेतलं, कोणी ऐकत नाही ना.

कल्याणला एका डॉक्टरीण बाईंना दाखवलं. त्या मूळच्या भिवंडीच्याच, वडील एसटीत होते, त्यामुळे आमची बोली त्यांना समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी सांगितलं, हा संधिवाताचा तो प्रकार, ज्यात अंगातले रखवालदार आपल्याच सांध्यांवर उठतात. गोळ्या चालू झाल्या. थोडा फरक पडला, पण मूठ काही पुरी वळेना. तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं, तुळशीचं लग्न झाल्यानंतरचं. घरात सगळे आनंदात. बायको मात्र हाताकडे बघत बसायची, आणि ती काय बघतेय ते मला बरोबर कळत होतं. त्यासाठी आमच्याकडची बोलावण्याची रीत सांगितली पाहिजे.

आमच्या गावात कार्याचं बोलावणं दोनदा होतं. पहिलं काही दिवस आधी, पत्रिका देऊन. ह्या बोलावण्यावर कोणी जेवायला येत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही कोण ते आम्ही ओळखतो, नातं विसरलो नाही. दुसरं बोलावणं ऐन हळदीच्या दिवशी, पातेली उतरली आणि पंगत मांडायला घेतली की. तेव्हा घरातलं माणूस दारोदार जातं आणि म्हणतं, चला जेवायला. हे आल्याशिवाय सख्खा भाऊसुद्धा उंबरा ओलांडत नाही. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून पडवीत बसून राहतो.

आणि नुसतं "चला" म्हणून भागत नाही. मनगट धरावं लागतं. समोरचा म्हणतो, तुमी व्हा पुढं, मी येतो, आणि हात मागे घेतो. तो त्याचा मान. तेवढ्यावर तुम्ही हात सोडलात तर तुमचं बोलावणं तोंडदेखलं होतं हे सिद्ध झालं. त्याने ओढलं की तुम्ही जास्त घट्ट धरायचं. मग तो हसतो, पायाने चपला शोधतो, आणि तुमच्याबरोबर चालू लागतो.

तरुणपणी ह्या कामात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता. हनुमान जयंतीच्या नाटकात मी स्त्रीपार्टसुद्धा केलेले, त्यामुळे मला लाज नावाची गोष्ट नव्हती. मी एकेकाच्या पडवीत असा शिरायचो की जणू पडदाच वर गेला. कोणाला हात जोडून, कोणाला रुसव्याने, एखाद्या म्हाताऱ्याला चक्क उचलून. मागे पळसाच्या पत्रावळींचा वास, पुढे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बायांचा आवाज, आणि मधल्या आळीत मी, दोन्ही हातांत दोन माणसं धरून ओढत नेतोय. ते दिवस आठवले की अजून माझ्या तळहाताला लोकांची मनगटं लागतात. कोणाचं शेतीकामाने काथ्यासारखं, कोणाचं ओलं, नुकतं हळद लावलेलं.

आता पत्रिका मोबाइलवर येते. तिच्यातून घंटा वाजतात आणि फुलं पडतात. पण दुसरं बोलावणं आमच्याकडे टिकून आहे, फक्त त्याला शिफ्ट सांभाळावी लागते. शेतं गेली, पोरं गोदामात लागली, तेव्हा रात्रपाळी करून आलेल्याला झोपेतून उठवून बोलवावं लागतं. तो डोळे न उघडताच हात मागे ओढतो. मान तो मान.

बायकांचं बोलावणं बायका करतात. नवरीची आई आपल्या जावांना, नणंदांना, भावजयांना स्वतः जाऊन हात धरून उठवते. माझ्या बायकोला तेच समोर दिसत होतं. एखादी नणंद रीतीप्रमाणे हात मागे ओढणार, आणि हिची बोटं सुटणार. हातात जोर नाही हे कोण लक्षात घेतो? म्हणणार, बोलावलं खरं, पण धरलं न्हाय.

लग्नाला बरेच महिने होते. डॉक्टरीण बाईंनी दुसरं औषध सुचवलं, सुईने द्यायचं. बायको म्हणाली, आधी मला समजावून सांगा ते आत जाऊन काय करणार. बाहेर रांग होती, तरी बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

त्या म्हणाल्या, अंगातल्या रखवालदार पेशींना डोळे नसतात. सगळी ओळख हाताने. कातडीखाली, नाकाघशाच्या अस्तरात फांद्या फुटलेल्या पेशी बसलेल्या असतात, त्या टेहळणी करतात. बाहेरचं काही आत आलं की ते गिळायचं, फोडायचं आणि त्याचा एक तुकडा अंगावर मिरवत जवळच्या गाठीत जायचं. लहान मुलाचा घसा धरला की मानेत हाताला लागतात ना, त्याच गाठी. तिथे रखवालदारांची जत्रा असते. प्रत्येकाला एकाच जातीचा तुकडा ओळखता येतो, दुसरा नाही. म्हणून तो येतो, ह्या फांदीला हात लावतो, आपला नाही, पुढे जातो. असं करत करत ज्याचा त्याला तुकडा सापडला की तो थांबतो, पसरतो आणि चिकटतो.

बाईंनी मोबाइलवर त्याचं चित्रण दाखवलं. एक करडा गोळा सरपटत येतो, चाचपतो, सोडतो. मग एका जागी आल्यावर असा थबकतो की मी खुर्चीत पुढे सरकलो. इतका चांगला प्रवेश मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. मी परत परत लावायला सांगितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. चिमट्याची वेळ होती, पण चिमटा नव्हता.

"आणि नुसता चिकटत नाही," बाई म्हणाल्या. "तो ओढून बघतो. चुकीची पकड ओढली की सुटते. बरोबरची असली तर ओढल्यावर थोडा वेळ उलट घट्ट होते."

मी बायकोकडे बघितलं. ती बाईंकडे बघत होती.

"मग तो लगेच मारायला उठतो?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, नाही, इथेच गंमत आहे. एका हाताने फक्त ओळख पटते. टेहळणी करणारीने दुसराही हात पुढे करावा लागतो, आणि तो ती खरा धोका दिसल्यावरच काढते. दोन्ही हात मिळाले की रखवालदार कामाला लागतो. ओळख पटली पण दुसरा हात आलाच नाही, तर तो नुसता बसून राहत नाही, मंद होतो. नंतर कोणी रीतसर दोन्ही हात दिले तरी तो सहजासहजी उठत नाही. तुमच्या अंगात काय झालंय काकू, तर आपल्याच सांध्याचा तुकडा दोन्ही हातांनी दिला जातोय. हे औषध त्या दुसऱ्या हातावर जाऊन बसतं. रखवालदाराला मारत नाही. फक्त तो हात त्याच्यापर्यंत पोचू देत नाही.

मी खुर्चीतून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, आमचे थोरले काका. बाई दचकल्या. बायको म्हणाली, तुमी बसा.

मग तिने खरा प्रश्न विचारला. उद्या बाहेरचं दुखणं आलं, तर? दुसरा हात तर तुम्ही अडवून ठेवलेला. बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, थोडी जोखीम आहे. म्हणून आधी छातीचा फोटो, टीबीची तपासणी, आणि ताप आला तर घरगुती काढे न करता मला फोन. पण पूर्वी एकदा लढून आलेले जुने रखवालदार असतात. त्यांना दुसऱ्या हाताची तेवढी गरज लागत नाही, ते पहिल्या ओळखीवरच उठतात. सगळंच दार बंद होत नाही.

बायको म्हणाली, बघू. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून आलेल्या "बघू"चा अर्थ मला पाठ आहे. त्याचा अर्थ, नाही.

परत येताना आम्ही कल्याणहून भिवंडीला जाणारी शेअर रिक्षा धरली. आमच्या शेजारी कापडाच्या लूमवर काम करणारा एक हिंदी बोलणारा भाऊ होता, डबा मांडीवर घेऊन, शिफ्टला निघालेला. कोनला पोचतो न पोचतो तोच पुढे कंटेनर आडवा झाला आणि सगळी वाहतूक गप्प झाली. कोन हे बायकोचं माहेर. एरवी तिथे ती रिक्षातूनच चार जणींशी बोलते. त्या दिवशी तिने मान फिरवली नाही.

"रखवालदाराचे हात बांधायचे आणि चोराची वाट बघत बसायचं," ती म्हणाली. "हे मला न्हाय जमायचं."

मी बघितलं, रिक्षा हलत नाही, ऐकणारे तिघे आहेत, त्यातला एक चालक. एवढं नाट्यगृह मला पुरतं. मी थोरल्या काकांची गोष्ट काढली. ती बायकोला माहीत होतीच, लग्न तिचंच होतं. पण मी ती अंगातल्या पेशींची म्हणून सांगायला घेतली, आणि शेजारच्या भावासाठी मधून मधून हिंदीत.

थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव त्यांचंच होतं. बोकड त्यांनीच पारखून आणले, मांडवाच्या मेढी त्यांनीच रोवून घेतल्या. हळदीच्या दुपारी दुसऱ्या बोलावण्याला माझे दोन चुलतभाऊ निघाले. मला हळद लागलेली, त्यामुळे मला जाता येत नव्हतं. दोघांनी गाव वाटून घेतलं. एकाने देवळाकडची आळी, दुसऱ्याने विहिरीकडची. काकांचं घर बरोबर वळणावर. एक पडवी ह्या आळीला, एक खिडकी त्या आळीला. देवळाकडच्याला वाटलं ते विहिरीकडे येतं. विहिरीकडच्याला वाटलं ते देवळाकडे.

काका अंघोळ करून, दाढी करून, पांढरी टोपी घालून पडवीत बसले. मटणाचा वास येत होता. पहिली पंगत बसल्याचा गलका ऐकू येत होता. काकूंना बायकांचं बोलावणं वेगळं आलं होतं. त्या गेल्या, जेवल्या, सुपारी चघळत परत आल्या आणि म्हणाल्या, तुमी आले कसे न्हाय? तेव्हा काका जे बोलले ते आमच्या गावात अजून म्हणीसारखं वापरतात: "मना कोनी बोलावला?"

संध्याकाळी चूक कळली. सगळे धावले, माझे वडील पाया पडले. पण पंगती उठल्यावरचं बोलावणं हे बोलावणं नव्हे. तेव्हापासून काका आमच्याकडे येतात, पाणी पितात, कौलं शाकारताना वर चढलेत, माझ्या पोरीला खांद्यावर फिरवलंय. आमच्या घरचा शितकण त्यांनी तोंडात घातलेला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक कार्याला त्यांना पत्रिका जाते, मग कोणीतरी जाऊन मनगट धरतं. ते दर वेळी अंघोळ करून टोपी घालून तयार असतात. आणि दर वेळी हात असा ओढतात की सुटतोच.

"वो चाचा अब भी नहीं खाता?" शेजारच्या भावाने विचारलं.

"नहीं भाई."

"मतलब सब को पहचानता है, बस उठता नहीं."

मी त्याच्या पायाच पडणार होतो. डॉक्टरीण बाईंना जे सांगायला खुर्ची पुढे ओढावी लागली ते ह्याने एका वाक्यात सांगितलं. पण मी काही बोलायच्या आत बायकोने मान वळवली. तिचा चेहरा शांत होता, देवळातल्यासारखा.

"म्हणजे त्या सुईतून," ती म्हणाली, "माझ्या अंगात तुमचे ते दोघं चुलतभाऊ सोडणार."

"बरोबर."

"एक म्हननार तिकडचं घर, दुसरा म्हननार इकडचं."

"आणि बोलावणं पोचणार नाही."

"आणि माझी हाडं खायला निघालेले सगळे पडवीत बसून राहणार."

"टोपी घालून," मी म्हणालो.

ती हसली. अशी हसली की चालकाने आरशात बघितलं, आणि तो भाऊ डबा धरून गदगदा हसायला लागला, त्याला अर्धंच समजलं होतं तरी. मग ती थांबली आणि विचारलं, खरा चोर आला तर चुलीजवळचे तरी उठतील ना? चुलीजवळचे म्हणजे घरची ती माणसं, जी बोलावण्याची वाट न बघता येऊन भाजी चिरायला बसतात. मी म्हणालो, बाई जुने रखवालदार म्हणाल्या ते तेच. कंटेनर हलला. रिक्षा भिवंडीच्या अंगाला लागली तेव्हा ती म्हणाली, "सुई घेते. पण ह्या खेपेला काकांना बोलवायला मी जानार. तुमी न्हाय."

पुरुषाला बोलवायला बाई जात नाही, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

तपासण्या झाल्या, सुया सुरू झाल्या. सुरुवातीला काही म्हणता काही नाही. मी दर रविवारी चहानंतर बाही वर करून दंड पुढे करायचो आणि ती चिमटा काढून बघायची. मुंगी चावल्यासारखंही लागत नव्हतं. मी खोटं ओरडायचो. ती म्हणायची, नाटकं पुरे. भात लावून झाला, गणपती आले, तेव्हा एका सकाळी ती पोतेरं पिळताना दिसली. मी दाराआड उभा राहून बघत राहिलो, पोतेरं पिळण्यात बघण्यासारखं काही असतं तर. नवरात्रात तिने एक भाकरी थापली. कडेला फाटलेली, एका बाजूला जाड. ती मी कोणाला दिली नाही, मुलीलासुद्धा. दोन बोटं मात्र वाकडी राहिली ती राहिलीच. बाई म्हणाल्या, जे आधी झिजलंय ते हे औषध परत आणत नाही.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात बाया धवले म्हणत होत्या, मुलगी हळदीने इतकी माखलेली की तिचे दातच तेवढे पांढरे दिसत होते. पातेली उतरली. बायकोने पदर खोचला आणि निघाली. जावा झाल्या, नणंदा झाल्या. मी मागून येत होतो, थोडं अंतर ठेवून, कामात असल्यासारखा. एका नणंदेने मान म्हणून हात ओढला तेव्हा मी चालता चालता थांबलो. हात सुटला नाही. नणंद चपला शोधायला लागली.

शेवटी वळणावरचं घर. मी समोरच्या पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. काकू आता नाहीत. काका पडवीत एकटेच बसले होते. अंघोळ केलेली, टोपी घातलेली. फार म्हातारे झालेत, टोपी कपाळावर उतरते.

"काका, चला जेवायला," बायको म्हणाली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

काकांनी तिच्याकडे बघितलं. बाई बोलवायला आली ह्याचं काय करायचं हे त्यांना ठरवता येईना. मग सवयीने म्हणाले, "तुमी व्हा पुढं, गो बाय. मी येतो." आणि हात मागे घेतला.

तो सुटला नाही. त्यांनी खाली बघितलं. तिची दोन वाकडी बोटं त्यांच्या मनगटाला आकड्यासारखी बसली होती.

"धरतात काय आता बोटं?" काकांनी विचारलं.

"धरतात."

"दुखंल तुजा हात. सोड."

"न्हाय सोडत."

त्यांनी पुन्हा ओढलं, ह्या वेळी जोराने. म्हातारा असला तरी जन्मभर बैल आवरलेला हात. टाकीआड माझ्या बोटांना कळ लागली. ती एक पाऊल पुढे ओढली गेली, पण पकड तशीच.

काका म्हणाले, "मना त्या वक्ती कोनी बोलावला न्हवता."

ह्या वाक्यावर इतक्या वर्षांत सगळे उपाय करून झाले होते. माझ्या वडिलांनी पाय धरले होते, दोघा चुलतभावांनी कान धरले होते. बायको म्हणाली, "त्या वक्ती मी नवरी होते काका. नवरीनं बोलवायला यायचं कसं? आता आले ना."

मांडवातून कोणीतरी मीठ मागत होतं. मग काकांचा उजवा पाय फरशीवर हळूहळू सरकायला लागला. आधी मला कळेना ते काय करतायत. ते चपला शोधत होते.

ते पंगतीत बसले ते आमच्या वडिलांच्या जागेवर. बोटं पत्रावळीवर टेकवून जरा थांबले, मग जेवायला लागले. दुसऱ्या घासाला म्हणाले, मीठ कमी हाय. दोघे चुलतभाऊ, आता तेही पिकलेले, वाढायला पुढे सरसावले, एकाने भात घातला, दुसऱ्याने रस्सा. एकाच पत्रावळीवर, एकाच वेळी, कोणीही दुसऱ्यावर न सोडता.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. बाजूला बायकोच्या नात्यातले पाहुणे होते, त्यांनी विचारलं, हे बाबा कोण, सगळे असे बघतायत का? एवढा आयता प्रवेश कोण सोडतो. मी हात पसरले. म्हणालो, बघून घ्या, चाळीस वर्षं, पुरी चाळीस वर्षं ह्या माणसाने आमच्या घरच्या पाण्याच्या थेंबालासुद्धा…

दंडाच्या आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते तिथे, दोन बोटं बसली.

मी असा ओरडलो की धवले म्हणणाऱ्या बाया थांबल्या. काकांनी घास हातात धरून वर बघितलं. बायको माझ्या शेजारी उभी होती, चेहऱ्यावर काही नाही.

"पाणी पीत होते," मी पाहुण्यांना म्हणालो. "आणि चाळीस नाही. तीसही नसतील."

डाग निळा पडला. पुढचे काही दिवस गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो बाही वर करून दाखवत होतो.